बोटीच्या गाण्याचा उरलेला भाग

गुरुवार, ३१ जानेवारी २००८

गाडी रात्रीची होती, तरी आमचा प्रवास सकाळीच सुरू झाला असे म्हणावे लागेल, कारण नऊच्या सुमारास शेठच्या शेडमध्ये तीन नंबरच्या मागावरून दोन टॉवेल उतरले आणि ते हातात घेतल्यावरच आपण खरोखर मुंबईला चाललो आहोत यावर माझा विश्वास बसला. काळ्या जमिनीवर पांढऱ्या सुतात ‘आयर्न मेडन’ ही इंग्रजी अक्षरे विणलेली होती; ज्या बँडचे गाणे ऐकायला आम्ही निघालो होतो त्याचे हे नाव. टेरी टॉवेलच्या जकार्डमध्ये एका बाजूला जे काळे असते ते दुसऱ्या बाजूला पांढरे येते, त्यामुळे टॉवेल उलटा केला की तीच अक्षरे काळी होऊन उजवीकडून डावीकडे वाचावी लागत. मागाला नक्षी सांगणारी जकार्डची भोकांची कार्डे शेठने स्वतः टोचली होती आणि त्यात एक ओळ चुकल्यामुळे शेवटच्या अक्षराचा एक पाय आखूड राहिला होता. ‘लंगडतंय जरा, पण चालतंय बे,’ असे म्हणून त्याने टॉवेल पिशवीत टाकले.

शेठ हा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या नावावर आठ यंत्रमाग आणि त्यांच्यावरचे बँकेचे कर्ज एवढीच मालमत्ता आहे. ‘शेठ’ ही पदवी मी थट्टेने दिली आणि ती त्याला चिकटली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बहुतेक विणकर कुटुंबांप्रमाणे त्याच्या घरात तेलुगू बोलली जाते, माझ्याशी मात्र तो अस्सल सोलापुरी मराठीत बोलतो. मी एका सुताच्या पेढीवर हिशेब लिहितो. आम्हा दोघांना हा इंग्रजी बँड कसा सापडला, हे सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

आमच्याकडे या बँडची एकच कॅसेट होती. १९९२ साली नव्या पेठेतल्या एका दुकानात ती आम्ही भरून घेतली. लोखंडासारखे कडक काहीतरी द्या, अशी शेठची मागणी होती आणि दुकानदाराने त्याच्या समजुतीप्रमाणे ती पुरी केली. १९८५ साली निघालेल्या त्यांच्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाची ती नक्कल होती. मूळ ध्वनिमुद्रण दीड तासाहून मोठे आणि आमच्या खिशाला परवडलेली कोरी कॅसेट ६० मिनिटांची, त्यामुळे पहिल्या बाजूची ३० मिनिटे संपली तेव्हा सहावे गाणे ऐन मध्यावर होते आणि ते तिथेच तुटले. दुकानदाराने शांतपणे कॅसेट उलटवून पुढच्या गाण्यापासून दुसरी बाजू भरली. वेष्टण नव्हते, गाण्यांची नावे नव्हती आणि गाणाऱ्याचे इंग्रजी आमच्या इंग्रजीच्या फार पुढे धावत होते. तेव्हा जे कानाला जाणवले त्यावरून आम्हीच बारसे केले. विमानाचं गाणं, घोड्याचं गाणं, बोटीचं गाणं, फाशीचं गाणं. खरी नावे दोन वर्षांनी कळली, पण तोवर उशीर झाला होता. आजही आमच्या बोलण्यात हीच नावे येतात.

तुटलेले गाणे बोटीचे. वाद्ये हळूहळू थांबतात, लाकडाची करकर ऐकू येते, समुद्र असल्याचा भास होतो, कोणीतरी खोल आवाजात काही म्हणू लागतो आणि ‘खट्’ आवाज करून टेप बंद पडतो. कित्येक वर्षे ती बोट आमच्यासाठी तिथेच उभी होती. पुढे मी पुण्यात एकाच्या संगणकावर पूर्ण गाणे ऐकले. शेठला ते ऐकवण्याचा प्रयत्न मी अनेकदा केला, पण त्याने प्रत्येक वेळी कानांवर हात ठेवले. ‘आपल्या टेपात आहे तेवढं बस्स,’ हे त्याचे म्हणणे. हट्टीपणात हा माणूस आमच्या गल्लीत कोणाला हार जात नाही.

गेल्या वर्षी १७ मार्चला हा बँड पहिल्यांदा भारतात आला, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. सोलापूरहून बंगळूरला जायला उद्यान एक्स्प्रेससारखी सरळ गाडी असताना आम्ही गेलो नाही, कारण हिशेबनिसाने मार्चमध्ये रजा मागणे म्हणजे लग्नाच्या पंगतीतून वाढप्याने निघून जाण्यासारखे आहे. त्या आठवड्यात मी जमाखर्चाच्या वहीत दोन चुका केल्या आणि मालकांचे बोलणे खाल्ले. मुंबईची तारीख १ फेब्रुवारी आहे असे कळल्यावर मी प्रथम कॅलेंडरकडे पाहिले आणि मग देवाकडे.

संध्याकाळी आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. ‘एवढ्या लांब गाणं ऐकायला? इथं गड्ड्यात काय कमी आवाज आहे का?’ असे तिने विचारले आणि तिचे चुकले नव्हते, कारण स्टेशनकडे जाताना होम मैदानावरच्या गड्ड्याचा गोंगाट लांबूनच कानावर येत होता. सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीला होऊन गेली तरी पाळणे, खेळण्यांची दुकाने आणि मौतका कुआँ मागे रेंगाळतात. नंदीध्वज पाहण्यासाठी लहानपणापासून त्या गर्दीत उभे राहिल्यामुळे गर्दीचे भय आम्हाला नाही, असे शेठ गाडीत मोठ्या ऐटीत म्हणाला. कुर्डुवाडी मागे पडेपर्यंत मी त्याला बोटीच्या गाण्यामागची गोष्ट सांगण्याच्या बेतात होतो.

‘सांगू नको बे,’ तो वरच्या बाकावरून म्हणाला. ‘उद्या त्यांच्या तोंडून ऐकतो.’

शुक्रवार, १ फेब्रुवारी २००८

सीएसटीला उजाडता उजाडता उतरलो. प्रतीक्षालयात तोंड धुऊन, चहा घेऊन आम्ही मूळजी जेठा या कापडाच्या मार्केटकडे निघालो, कारण घरी सांगताना शेठने या प्रवासाला उधारी वसुलीचे नाव दिले होते. ज्या व्यापाऱ्याकडे टॉवेलांचे पैसे अडकले होते त्याने आम्हाला थंड पाणी दिले, चहा दिला, सोलापूरच्या हवामानाची चौकशी केली आणि पैसे पुढच्या आठवड्यात देण्याचे कबूल केले. हा पुढचा आठवडा गेल्या दिवाळीपासून चालू आहे. त्या सकाळीविषयी आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

दुपारी लोकलने कुर्ल्याला आणि तिथून सामायिक रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानाशी पोहोचलो. काचेच्या उंच इमारतींमधून काळे टी-शर्ट घातलेल्या मुलांचे लोंढे चालले होते आणि त्या इमारतींतून गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली माणसे जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन हा काय मोर्चा आहे ते पाहत होती. रांगेत आमच्यापुढे शिलाँगची तीन मुले होती. त्यांना मुंबईत पोहोचायला तीन दिवस लागले होते, हे ऐकल्यावर आमच्या एका रात्रीच्या प्रवासाचा अभिमान आम्ही गुपचूप गिळला. खाण्याचे पदार्थ आत नेता येणार नाहीत असे समजल्यामुळे कडक भाकरीचा तिथेच रांगेत फन्ना उडवावा लागला. शिलाँगच्या मुलांनी शेंगाचटणी चाखली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी आणखी मागितली.

फाटकावरच्या रखवालदाराने आमच्या पिशवीतले टॉवेल बाहेर काढून उलटसुलट पाहिले.

‘हे कशाला?’

‘घाम पुसायला, साहेब,’ शेठ म्हणाला.

‘कुठून आलात?’

‘सोलापूर.’

‘मग चादर नाही आणली?’ असे म्हणून तो हसला आणि त्याने आम्हाला आत सोडले. सोलापूरच्या माणसाला बाहेरगावी हा प्रश्न विचारला गेला नाही असा दिवस अजून उगवायचा आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे यावर काहीही उत्तर दिले तरी विचारणारा हसतोच.

मैदान धुळीचे होते. आम्ही मंचापासून साधारण दोन मागशेडी मावतील एवढ्या अंतरावर जागा धरली आणि ऊन उतरण्याची वाट पाहू लागलो. सांताक्रूझचा विमानतळ जवळच असल्यामुळे डोक्यावरून विमाने जात होती आणि दर विमानागणिक मैदानातून आरोळी उठत होती. तिला कारण होते. या दौऱ्यासाठी बँडने बोइंग ७५७ जातीचे विमान घेतले होते. मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे सुमारे १२ टन सामान भरले होते, सगळा लवाजमा त्याच विमानातून हिंडणार होता आणि ते चालवणारा वैमानिक होता त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन. तो अ‍ॅस्ट्रियस नावाच्या विमान कंपनीत रीतसर वैमानिक होता. पुढच्या ४५ दिवसांत सुमारे ५० हजार मैलांचा प्रवास ठरलेला होता आणि त्यातला पहिला कार्यक्रम आमच्या समोर, या धुळीत व्हायचा होता. मी ही माहिती दिल्यावर शेठने थोडा विचार केला.

‘म्हणजे एसटीचा ड्रायव्हरच गावात उतरून कीर्तन करणार,’ तो म्हणाला.

मुख्य कार्यक्रमाआधीचे वादन मी नीट ऐकले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. अंधार पडला, ध्वनिक्षेपकांवर यूएफओ या जुन्या बँडचे एक गाणे सुरू झाले आणि सभोवतालची मुले अचानक उसळली. आयर्न मेडनच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी हेच गाणे लावतात, आणि ते वाजले की आता काही मिनिटेच उरली असे समजायचे, हे मला ठाऊक होते. थोड्या वेळाने चर्चिलचा आवाज आला. ४ जून १९४० चे ते भाषण आमच्या कॅसेटच्या आरंभालाही आहे. शाळकरी वयात आम्हाला तो माणूस कोण हे माहीत नव्हते; एखादा म्हातारा मुनीम कोणाला तरी रागावतो आहे असे आम्ही समजत होतो. सोळा वर्षांत हे भाषण मी किती वेळा ऐकले असेल त्याला गणती नाही, पण ते हजारो लोक माझ्याबरोबर पाठ म्हणत आहेत हा अनुभव नवा होता. या शब्दांवर आपला एकट्याचा हक्क आहे असे मला उगाचच वाटत आले होते. क्षणभर चोरी झाल्यासारखे वाटले, हे लिहायला संकोच होतो, पण तसे वाटले खरे.

मग विमानाचे गाणे सुरू झाले आणि पहिली अडचण आली. शेठच्या शेडमधल्या टेपरेकॉर्डरचा पट्टा कित्येक वर्षे सैल होता, त्यामुळे आमची सगळी गाणी मुळापेक्षा सावकाश होती. कानाला त्याची इतकी सवय झालेली की समोर चाललेले गाणे मला घाईत उरकल्यासारखे वाटू लागले. हातांनी धरलेला ठेका दर चार फेऱ्यांनी मागे पडू लागला. शेजारचा मुलगा माझ्याकडे दयेने पाहत होता. मंचावरची माणसे माझ्या कल्पनेपेक्षा वयाने मोठी होती. बास गिटार वाजवणारा स्टीव्ह हॅरिस, ज्याने १९७५ साली लंडनमध्ये हा बँड उभा केला, तो एकावन्न वर्षांचा होता आणि एक पाय समोरच्या ध्वनिक्षेपकावर टेकवून गिटार बंदुकीसारखी आमच्यावर रोखत होता. तो नखीने वाजवत नाही, बोटांनी वाजवतो. एक लांब आणि दोन आखूड असा घोड्याच्या टापांसारखा त्याचा ठेका दुरूनही छातीत लागत होता, आणि शेठने पहिल्याच गाण्यात माझा दंड धरून कानात ओरडून सांगितले की ढिल्या झालेल्या पाच नंबरच्या मागाचा आवाज असाच येतो. हे तो सोळा वर्षे सांगतो आहे. आज प्रथमच मला ते पटले.

दोन गाण्यांनंतर ओरडून बोलणे अशक्य झाले. तेव्हा शेठने शेडमधली भाषा काढली. मागांच्या खडखडाटात माणसाचा आवाज पोहोचत नाही, म्हणून त्याच्या शेडमध्ये सगळे कामगार हातांनी बोलतात. दोन तर्जन्या जुळवून झटक्याने दूर केल्या की धागा तुटला, मूठ गोल फिरवली की बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपत आला, अंगठा ओठाला लावला की चहा. लहानपणापासून तिथे बसत असल्यामुळे मला ती भाषा समजते. पुढचा सगळा कार्यक्रम आम्ही तिच्यातच बोललो. तीन गिटारवाल्यांपैकी यानिक गेर्स आपली गिटार अंगाभोवती गरगर फिरवू लागला तेव्हा शेठने मूठ फिरवून बीम संपत आल्याची खूण केली. ढोलांच्या ढिगाऱ्यामागे निको मॅकब्रेन दिसत नव्हता. तो अनवाणी पायांनी वाजवतो हे मी खाली पायांकडे बोट दाखवून सांगितले आणि शेठने मान डोलावली, कारण शेडमध्ये तोही अनवाणीच असतो.

आमच्या कॅसेटवर डिकिन्सन थोड्या थोड्या वेळाने कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराचे नाव घेऊन लोकांना ओरडायला सांगतो, कारण त्या मुद्रणाचा मोठा भाग तिथला आहे. आज त्या जागी मुंबई हे नाव आले आणि मैदान फुटले. घोड्याच्या गाण्याला तो तांबडा लष्करी कोट घालून इंग्रजांचा झेंडा फडकवत धावत आला. गाणे १८५४ च्या क्रिमियन युद्धातले आहे, तोफांच्या तोंडी दिलेल्या घोडदळाचे, आणि झेंड्याचा अभिमान त्यात फारसा नाही. मरणाऱ्या स्वाराचेच ते बोलणे आहे. तरीही शेठने तेवढा वेळ हाताची घडी घातली. १९३० च्या मे महिन्यात ज्या शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला, त्या शहरातल्या माणसाने त्या झेंड्याखाली नाचू नये, असे त्याने नंतर गाडीत स्पष्ट केले. गाणे मात्र त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत हात न सोडता म्हटले.

आठवे गाणे बोटीचे होते.

गायक फाटका अंगरखा घालून आला. मूळ कविता कोलरिजची, १७९८ साली प्रसिद्ध झालेली, आणि गाणे तेरा मिनिटांहून मोठे. एक खलाशी शुभशकुनाचा पक्षी मारतो, वारा पडतो, बोट भर समुद्रात चित्रासारखी थांबते, सभोवती पाणीच पाणी असताना माणसे तहानेने एकेक करून मरतात आणि तो एकटा उरतो. मी गाण्याकडे थोडे आणि शेठकडे अधिक पाहत होतो. वाद्ये मंदावत गेली. दिवे निळे झाले. लाकडाची करकर सुरू झाली आणि इतका वेळ उसळणारे ते मैदान असे शांत झाले की मागे कोणीतरी खोकले ते ऐकू आले. खोल आवाजातले ते शब्द आले. शेठने माझ्याकडे वळून दोन्ही तर्जन्या जुळवल्या आणि झटक्याने दूर केल्या.

धागा तुटला.

तो हसला नाही. हात तसेच हवेत ठेवून तो उभा राहिला आणि बोट पुढे चालू राहिली. आधी बासचे सावकाश पडणारे सूर, मग त्यांवर एक गिटार, मग दुसरी, कुठेतरी खालून ढोल भरत येत होते, जसा अमावास्येच्या रात्री वीज गेलेल्या शेडमध्ये पुरवठा परत आल्यावर एकेक माग चालू करत जावा आणि आठवा माग लागेपर्यंत जमीन थरथरू लागावी. मग गायकाने लांबच लांब किंकाळी फोडली आणि सगळे एकदम उजळले. शेठच्या मूठभर जगाबाहेर ही बोट सोळा वर्षे बिनदिक्कत घरी पोहोचत होती. त्याला ते आत्ता कळत होते. त्याने टॉवेल डोक्यावर घेतला आणि चेहरा झाकला. मी पुन्हा त्याच्याकडे पाहिले नाही. गाणे संपल्यावर त्याने फक्त अंगठा ओठाला लावला. चहा मिळण्यासारखी परिस्थिती नव्हती.

त्यानंतरच्या गाण्यांत ‘पॉवरस्लेव्ह’ला गायकाने घातलेला पिसांचा मुखवटा आणि ‘फिअर ऑफ द डार्क’ला सगळ्या मैदानाने शब्दांऐवजी गिटारची चाल गाणे, एवढे लक्षात आहे. हे दुसरे गाणे १९९२ चे, म्हणजे आमच्या कॅसेटवरच्या मैफलीनंतरचे. ते शेठला येत नव्हते, पण ती चाल एकदा ऐकली की पुन्हा विचारावी लागत नाही. बँडच्या नावाच्याच गाण्याला त्यांचा एडी नावाचा अक्राळविक्राळ पुतळा मंचावर चालत आला आणि गिटारवाल्यांच्या अंगावर जाऊ लागला. गड्ड्यातली सोंगे पाहिलेल्या माणसाला त्याची भीती वाटणे कठीण आहे. आम्हाला तो आवडला.

शेवटचे, सोळावे गाणे फाशीचे. पहाटे फाशी जायच्या कैद्याच्या कोठडीत घंटा वाजू लागते, तिथून ते सुरू होते. धर्मगुरू येतो, पहारेकरी त्याला अंगणातून नेतात, आणि देव असेल तर तो मला असा का जाऊ देतो, असे तो विचारतो. आम्ही शाळेत जाता-येता चार पुतळ्यांवरून जात असू. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले, हे सोलापूरच्या मुलाला कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. कोणा कल्पित कैद्यासाठी लिहिलेले हे गाणे आम्ही त्या चौघांना लावून टाकले होते; त्यातले अंगण येरवड्याचे, घंटा तिथली, आणि पहारेकऱ्यांचे बूट तर निःसंशय इंग्रजी. आता ते गाणे इंग्रज गात होते. सभोवतीच्या मुलांना हे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि सांगण्याची ती वेळ नव्हती. शेठने डोक्यावरचा टॉवेल काढून हातात धरला. मीही माझा काढला.

दिवे लागले आणि ध्वनिक्षेपकांवर एका जुन्या विनोदी इंग्रजी चित्रपटातले शिट्टीचे गाणे वाजू लागले. चित्रपटात ते क्रुसावर टांगलेली माणसे गातात. फाशीच्या गाण्यानंतर लोकांना घरी पाठवताना हे लावणाऱ्या माणसाच्या विनोदबुद्धीला मी दाद दिली.

दादरला सोलापूरची सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठायची होती. मैदानाबाहेर पडण्यातच इतका वेळ गेला, आणि दादरचे नाव काढताच रिक्षावाले अशा चेहऱ्याने दुसरीकडे पाहू लागले, की आम्ही कुर्ल्यापर्यंत जवळजवळ पळत गेलो. दादरच्या फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा दिवा दिसला. आरक्षणाचे पैसे बुडाले. फलाटावर वर्तमानपत्र पसरून, टॉवेल उशाला घेऊन आम्ही आडवे झालो. माझ्या कानांत माशी अडकल्यासारखा एकच सूर वाजत होता.

शनिवार, २ फेब्रुवारी २००८

सकाळी उद्यान एक्स्प्रेसच्या अनारक्षित डब्यात दाराजवळ उभ्याने जागा मिळाली. शेठचा आवाज पूर्ण बसला होता. त्याने तोंड उघडले की गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज येई, म्हणून डब्यातही तो हातांनीच बोलत होता. समोरच्या आजींनी तो मुका आहे असे समजून त्याला आपल्या डब्यातली चपाती दिली आणि त्याने ती गैरसमज दूर न करता खाल्ली. घाटात गार वारा लागला. पुण्याला गर्दी उतरल्यावर बसायला मिळाले.

दौंडच्या पुढे त्याने वहीचा कागद मागितला आणि त्यावर लिहिले, ‘पुढं त्या खलाशाचं काय होतं?’

मी त्याला सांगितले. पाण्यातल्या ज्या सापांची त्याला आधी किळस वाटत होती त्यांच्याकडे पाहून त्याच्या मनात माया दाटते, त्या क्षणी गळ्यात बांधलेला मेलेला पक्षी गळून पडतो, बोट घरी येते आणि बंदराजवळ बुडते, तो वाचतो. पण त्याला शिक्षा अशी की जन्मभर गावोगाव हिंडून, भेटेल त्याला थांबवून, ही गोष्ट सांगत राहायचे. मूळ कवितेत तो लग्नाला निघालेल्या एका पाहुण्याला अडवतो आणि त्या बिचाऱ्याचे जेवण चुकते. शेठने लक्षपूर्वक ऐकले. भिगवणच्या आसपास उजनीचे पाणी दिसू लागले आणि लांबवर उथळ पाण्यात गुलाबी-पांढऱ्या ठिपक्यांची एक रांग होती. थंडीत इथे रोहित पक्षी उतरतात. आजींनी हात जोडले, का ते कळले नाही. शेठने कागदावर पुन्हा लिहिले, ‘पक्षी का मारला?’

याचे कारण कवितेत दिलेले नाही, असे मी म्हणालो. त्याला ते आवडले नाही. कुर्डुवाडीपर्यंत तो त्यावर हातवारे करत राहिला: भूक लागली असेल, नेम धरून पाहायचा असेल, कंटाळा आला असेल. मोहोळ गेल्यावर त्याने मुद्दा सोडला आणि टॉवेलवरच्या लंगड्या अक्षराकडे बघत बसला. दुपार उतरताना सोलापूर आले. घरी आईने विचारले, कसे झाले गाणे? मी छान म्हणालो. तिने माझ्या शर्टावरची धूळ पाहिली आणि पाणी तापत ठेवले.

रविवार, ३ फेब्रुवारी २००८

संध्याकाळी शेडवर गेलो. आठपैकी सहा माग चालू होते, दोन कांडीअभावी बंद. शेठचा आवाज अजून आलेला नव्हता आणि कामगारांना त्यामुळे काही फरक पडलेला दिसत नव्हता. कोपऱ्यातल्या फळकुटाच्या खोलीत जुना टेपरेकॉर्डर आहे. त्याने कॅसेट घातली, मला बसण्याची खूण केली आणि दार ओढून घेतले.

गाणी पुन्हा आपल्या सावकाश चालीने आली आणि मला बरे वाटले, हे कबूल करतो. विमान झाले, घोडे झाले. लाँग बीचला ओरडायला सांगून झाले. बोट निघाली, वारा पडला, लाकूड करकरू लागले, तो खोल आवाज आला आणि टेप ‘खट्’ करून थांबला. खोलीबाहेर सहा माग चालूच होते. शेठ बटणाकडे हात न नेता तसाच बसून राहिला, आणि घशातून येईल तेवढ्या घोगऱ्या आवाजात, बासचे ते पुढचे सावकाश सूर गुणगुणू लागला. चारपाच सूर बरोबर आले. पुढे तो अडला, त्याने माझ्याकडे पाहिले, मीही अडलो.

तेवढ्यात दार ढकलून तीन नंबरवरचा कामगार आत डोकावला आणि त्याने दोन तर्जन्या जुळवून दूर केल्या. शेठ उठला, चपला दाराशी काढल्या आणि मागाकडे गेला.